मूळचं नसलेलं कडं

बेसिनवरच्या आरशात बघत पीटर गालाला साबण फासत होता आणि लहान मुलं कॅटेकिझम घोकतात तसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"उमरी मा शुफ्त अहला मिन हाझी."

एकदा म्हणाला. मग थांबून पुन्हा, 'उमरी' जरा लांबवून. स्वयंपाकघरात ब्रिजेट अंडी तळत होती. इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात ओमानी बायांची दुखणीखुपणी ऐकून तिचं अरबी नवऱ्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. हातातलं उलथनं तसंच धरून ती दारात आली.

"उभ्या आयुष्यात हिच्याहून सुंदर पाहिली नाही? कोण रे ही बया?"

पीटर दचकला. ब्लेड हनुवटीला लागलं आणि पांढऱ्या फेसात लाल टिपका उमटला. "अगं, ऑफिसातलं आहे. गिऱ्हाईक काउंटरवर आलं की दोन शब्द गोड बोलायचे, म्हणतात. त्याच्या गाडीचं कौतुक करायचं."

"गाडीचं नशीब बघ! मला लग्नाच्या दिवशी काय म्हणालास, आठवतंय? 'गाऊन वर धर, चिखल आहे.'"

"होताच चिखल."

"होता रे बाबा, होता."

दोघंही हसली. आतून जॅस्मिन ओरडली, "ममा, एग जळतंय!" ब्रिजेट धावली. ते वाक्य तव्यावरच्या धुरासारखं घरात थोडा वेळ राहिलं आणि विरून गेलं.

पीटर तुस्कानो मूळचा वसईच्या नंदाखालचा. मस्कतमधल्या रुवीला गाड्यांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम होतं, तिथे तो स्टोअरकीपर होता. दिवसभर नंबर. या पिस्टनचा हा नंबर, त्या गास्केटचा तो. किरकोळ अंगाचा, जरासा वाकून चालणारा माणूस. वाटायचं, याला रस्त्यावरसुद्धा नंबर कोरलेले दिसतात की काय. मालकाला सगळे अर्बाब म्हणत. या अर्बाबला जुन्या हत्यारांचा षोक होता. बरका गावातल्या त्याच्या बागेत खजुरीच्या झाडांमागे एक थंडगार खोली होती, आणि तिथे भिंतीभर बंदुका. एकदा त्याने पीटरला बोलावून घेतलं. "तू नंबरवाला आहेस ना? सांग बरं, यांच्या अंगावर काय लिहिलंय?"

त्या दिवशी पीटर घरी आला तो निराळाच माणूस होऊन आला.

त्यातल्या काही बंदुका जर्मन होत्या, दुसऱ्या महायुद्धातल्या. कुठल्या गलबतातून, कुणाच्या सामानातून या किनाऱ्याला लागल्या, देव जाणे. पण नळीच्या मुळाशी कारखान्याच्या नावाऐवजी गुप्त खुणेची बारीक अक्षरं होती, खाली साल होतं, एक पंख पसरलेला पक्षी होता, आणि नंबर. तोच नंबर बोल्टवर, तोच नळी दस्त्याला बांधणाऱ्या पट्टीवर, तोच चापाखालच्या पत्र्यावर. एका आईची लेकरं असावीत तसे बंदुकीचे सगळे अवयव एका नंबराचे. पुढे युद्ध संपलं, जेत्यांनी ढिगाने बंदुका खोलल्या, तेलात बुडवल्या, हाताला लागेल तो भाग लागेल तिथे बसवला, आणि भावंडांची ताटातूट झाली. म्हणून सगळे नंबर जुळणारी बंदूक आता क्वचितच मिळे.

हे सगळं पीटरने ब्रिजेटला जेवताना सांगितलं होतं. आमटी निवत होती आणि तो बोलत होता.

"युद्ध कसं हरत गेले ते पुस्तकात वाचायला नको, ब्रिजेट. बंदुकीवर हात फिरवला तरी कळतं. आधीची पट्टी बघ, अखंड लोखंडातून कोरून काढलेली, आरशासारखी घासलेली. नंतरची? पत्रा ठोकून वाकवलेला. कानशीचे ओरखडेसुद्धा पुसलेले नाहीत. कामाला जुंपलेला कुणीतरी उपाशी कैदी घाईघाईने घासत होता, मागे पहारेकरी उभा होता."

अशा वेळी त्याचे डोळे ओले व्हायचे. या डोळ्यांवरच तर ब्रिजेटचा जीव होता. कुणी दारू पितं, कुणी पत्ते कुटतं. आपला नवरा कुठल्याशा अनोळखी उपाशी माणसाच्या कानशीसाठी गहिवरतो. वाईट काय आहे त्यात?

सुट्टीच्या दिवशी तो अर्बाबच्या खोलीत बसे, फोटो काढी. परदेशात अशा नंबरांमागे लागलेल्या लोकांचं एक त्रैमासिक निघे. त्याच्या संपादकाशी याचा पत्रव्यवहार जमला. एका कारखान्याने कोरीव पट्टी सोडून पत्र्याची केव्हापासून सुरू केली, हा त्या सगळ्यांचा वादाचा विषय. पीटरचं म्हणणं होतं की बदल एका रात्रीत झालाच नाही. जुना माल संपेपर्यंत मधल्या काही दिवसांत अशाही बंदुका निघाल्या असणार, ज्यांची एक पट्टी जुनी आणि एक नवी, आणि दोन्हींवर नंबर मात्र एकच. पण तशी अस्सल, कधीही न खोललेली बंदूक कुणीच पाहिली नव्हती. "एक मिळाली ना," तो म्हणायचा, "एकच मिळाली तरी बस."

ती बंदूक त्याला मिळवून दिली ब्रिजेटनेच.

फंजाच्या पुढे, वादीच्या काठाला एक गाव आहे. वादी म्हणजे कोरडी नदी. पाणी वर्षातून एखाददा, एरवी नुसते गोटे. तिथे जुवैना नावाच्या म्हातारीच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती. ब्रिजेट दर आठवड्याला दवाखान्याच्या गाडीतून जाऊन पट्टी बदलायची. म्हातारी तिला 'सिस्तर' म्हणे, आणि ब्रिजेट तिला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने, उम्म खलफान, म्हणजे खलफानची आई. पट्टी झाली की आधी खजूर, मग वेलदोड्याचा घमघमाट सुटलेली कहवा, तिथली कॉफी.

पहिल्याच वर्षी ब्रिजेटच्या हातून एक चूक झाली होती. म्हातारीच्या चुलीजवळ पितळेची जुनी कहवादाणी होती, चोच पोपटासारखी. "किती सुंदर आहे हो ही!" ब्रिजेट सहज बोलून गेली. जुवैनाने कहवादाणी रिकामी केली, पदराने पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवली. नको नको म्हणून ब्रिजेटचा घसा सुकला. शेवटी बरोबर आलेल्या जयवंती सिस्टरनी कसंबसं हसून, शपथा घालून ती परत ठेवायला लावली. जयवंती कारवारच्या, इथे आयुष्य घालवलेल्या. परतताना गाडीत त्यांनी ब्रिजेटला फैलावर घेतलं.

"वेडी की काय तू? पाहुण्याला एखादी वस्तू आवडली की ती त्याची. यांची रीतच आहे तशी. घरातलं शेवटचं भांडं असलं तरी देतील आणि वर हसतील. तेव्हा डोळे खाली ठेवायचे, 'माशाल्ला' म्हणायचं आणि विषय बदलायचा. कळलं?"

ते सगळं तिने घरी येऊन पीटरला नकलेसकट सांगितलं होतं. पीटर पोट धरून हसला होता. "म्हणजे 'तुमचं घर छान आहे' म्हटलं तर?"

"मग तू वादीत झोप आणि मी त्यांना भाडं देते."

त्या घराच्या बैठकीत, पुरुषांच्या मजलिसमध्ये, एका खुंटीला बंदूक होती. मजलिस रिकामी असताना एकदा जुवैनाने ती ब्रिजेटला जवळून दाखवली. लाकडी दस्ता मध्ये चिरलेला होता आणि त्या चिरेवर चांदीचं कडं घट्ट बसवलेलं. "ही माझ्या लग्नातली बांगडी," म्हातारी म्हणाली. "दस्ता फुटला तेव्हा खलफानचा बाप रडवेला झाला होता. मी बांगडी काढून दिली, म्हटलं, सोनाराकडे जा, बांध. ही खांद्याला लावून माझा सासरा नवरी आणायला गेला, माझा नवरा मला न्यायला आला, खलफान त्याच्या बायकोला आणायला गेला. आता थंडीत नासेरचं लग्न. मग मी मेले तरी चालेल."

नासेर म्हणजे खलफानचा मुलगा, नुकताच पोलिसात लागलेला.

ब्रिजेटचं लक्ष मात्र नळीच्या मुळाशी गेलं. तिथे पंख पसरलेला बारीकसा पक्षी होता. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर पाहिलेल्या फोटोंतला.

संध्याकाळी तिने पीटरला सांगितलं. आनंदाने सांगितलं. नवऱ्याला त्याच्या आवडीचं काही देता यावं, ही साधी हौस. पीटरने हातातला घास खाली ठेवला. "पट्ट्या कशा होत्या? दोन्ही सारख्या?"

"पुढची जरा पत्र्यासारखी वाटली. मागची जाड."

पीटर ताटावरून उठला आणि फोटोंची फाईल घेऊन आला.

मग काही आठवडे तो मागे लागला आणि ब्रिजेटने म्हातारीला विचारलं. माझ्या नवऱ्याला जुन्या बंदुकांचे नंबर लिहायचा छंद आहे, एकदा बघून जाईल. म्हातारी खळखळून हसली. "माझ्या नवऱ्याला उंटांचा होता. पुरुषांना काहीतरी लागतंच. येऊ दे शुक्रवारी, दुपारचा असरचा नमाज झाल्यावर."

आणि तो शुक्रवार उजाडला होता.

अल खौदच्या घरून गाडी निघाली. डाव्या हाताला तपकिरी डोंगर, उन्हात भाजलेल्या पोळीसारखे. मागच्या सीटवर जॅस्मिन कानात वायर घालून बसलेली.

"पीटर, फक्त बघायचं."

"हो गं."

"नंबर लिही, फोटो काढ. तोंडातून कौतुकाचा एक शब्द निघता कामा नये. नासेरचं लग्न तोंडावर आलंय. त्यांना ती लागणार आहे."

"किती वेळा सांगशील? मला काय रीत माहीत नाही?"

"शपथ घे."

पीटरने स्टिअरिंगवरचा हात उचलून आरशाला टांगलेल्या छोट्या क्रुसाला लावला. "घेतली. झालं?"

"डॅडा, आइज ऑन द रोड," मागून जॅस्मिन म्हणाली.

खलफान दारातच उभा होता. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, कमरेला खंजीर, खास पाहुण्यासाठी. त्याने पीटरच्या नाकाला नाक भिडवून स्वागत केलं आणि त्याला मजलिसमध्ये नेलं. ब्रिजेट आणि जॅस्मिन आतल्या बाजूला, बायकांत. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत वर एक झरोका होता. कहवादाणी आणि हसणं त्यातून इकडेतिकडे जाई. जुवैना पाय लांब करून बसली होती. सुनेने कलिंगड कापलं होतं. जॅस्मिनच्या हाताला मेंदी लावायला दोन मुली भांडत होत्या.

पलीकडे बंदूक खुंटीवरून उतरल्याचा आवाज आला. कॅमेऱ्याचा खटका. पुन्हा खटका. पीटरचं हूं-हूं. ब्रिजेटला त्याचा श्वासदेखील ओळखता येत होता. त्याला मिळाली, तिच्या मनात आलं. एक पट्टी जुनी, एक नवी, नंबर एकच. तिलाही आनंद झाला. तिने जुवैनाकडे बघून हसून हात छातीला लावला.

आणि मग झरोक्यातून ते वाक्य आलं.

"उमरी मा शुफ्त अहला मिन हाझी."

'उमरी' जरा लांबवलेलं होतं. सकाळी आरशासमोर लांबवलं होतं, तेवढंच.

ब्रिजेटच्या हातातला पेला तिथल्या तिथे थांबला. तिने डोळे मिटले. पलीकडे एक क्षण सगळं शांत झालं. पीटरने तेच पुन्हा म्हटलं. मग खलफानचा आवाज आला, मोठा, मोकळा, कुठेही न चिरलेला. "तर मग ती तुझी झाली."

आता नाही म्हण. ब्रिजेट मनात म्हणत होती. आता शपथ घाल, हात जोड, खुंटीला लाव तिला. आता तरी.

"शुक्रन," पीटर म्हणाला. "शुक्रन, भाई."

खलफान विचारत होता. परदेशी माणसाला हत्यार बाळगता येत नाही, पोलिसांत कागद करावे लागतील, कुणाच्या नावावर करू? आणि पीटरने अर्बाबचं नाव सांगितलं. चटकन. हे सगळं त्याने आधीच योजलेलं होतं.

ब्रिजेटने डोळे उघडले. जुवैना तिच्याचकडे बघत होती. म्हातारीच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. तिने कहवादाणी उचलली आणि ब्रिजेटच्या थांबलेल्या पेल्यात घोटभर ओतली. "पी, सिस्तर," ती म्हणाली. "गार होतेय."

ब्रिजेटची आई नंदाखालच्या लग्नांत गाणी म्हणायची. नवरीला नेताना म्हणायचं तिचं एक गाणं होतं. ते आज कुठूनसं वर आलं:

आला पाव्हणा गं दारी, त्याला गूळपाणी दिलं,
पाव्हणा गेल्यावर कळलं, घरातलं काय गेलं.

परतीच्या वाटेवर फंजाचा पूल आला.

"निघून गेलं तोंडातून," शेवटी पीटर म्हणाला.

ब्रिजेट काचेबाहेर बघत राहिली.

"इतकी सुंदर होती, ब्रिजेट. मी भानावर नव्हतो."

"सकाळी दाढी करताना होतास."

गाडी जराशी डगमगली. त्याने वेग कमी केला. मग हळू आवाजात: "तिथे खुंटीवर गंजून गेली असती गं. ही पोरं लग्नात बार काढतात, पट्ट्या काढून फेकतात. इथे निदान नीट राहील. अर्बाबला दिली तर तो मला खोलून बघू देईल. आणि आमच्या जागी आता सगळीकडे ओमानी मुलं घेताहेत, तुला ठाऊक आहे. अर्बाब खूश असला तर..."

"परत दे."

"दिलेलं परत केलं तर त्यांचा अपमान होतो." तो थांबला. "तूच सांगितलं होतंस."

हे मात्र खरं होतं. तिनेच सांगितलं होतं. हसत, नकला करत, त्याच्या ताटात भात वाढत.

थंडी पडू लागली. पीटर आता प्रत्येक सुट्टीला बरक्याला जाई. त्याच्या जागी ओमानी मुलगा न घेता त्यालाच ठेवलं, पगारही वाढला. ब्रिजेट स्वयंपाक करी, डबा भरी, प्रार्थनेला त्याच्या शेजारी गुडघे टेकी. नुसती बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे मीठ, बिल, जॅस्मिनची फी एवढं बोलत होती.

एका दुपारी परदेशाहून त्रैमासिक आलं. पीटरने ते टेबलावर उघडून तिच्यापुढे सरकवलं. वर त्याचं नाव, छापलेलं: पीटर तुस्कानो, मस्कत. खाली बंदुकीचा प्रत्येक भाग सुटा करून, मांडून काढलेला फोटो. बोल्ट, पट्ट्या, चाप, दस्ता, नळी. प्रत्येकावर बाण आणि बाणाच्या टोकाला तोच नंबर. सगळी भावंडं एका ओळीत.

खाली पसरलेली पांढरी क्रोशाची चादर ब्रिजेटने ओळखली. तिच्या आईने विणलेली, नाताळात टेबलावर घालायची.

"मागे पांढरं हवं होतं," पीटर म्हणाला. "बघ ना, वाच तरी. ते म्हणतात, इतक्या वर्षांचा वाद मिटला."

तिने फोटो नीट पाहिला. दस्त्याची चीर उघडी होती. "कडं कुठेय?"

"काय?"

"चांदीचं."

"अगं, ते मूळचं नव्हतं. नंतर कुणीतरी लावलेलं. ते काढल्याशिवाय खालचा शिक्का दिसत नव्हता."

तेवढ्यात शाळेतून आलेली जॅस्मिन दप्तर टाकून फ्रीजकडे धावली. हात वर करून तिने पाण्याची बाटली काढली, आणि तिच्या मनगटावर ते चमकलं.

"जॅस्मिन. इकडे ये. हे कुठलं?"

"डॅडानी दिला. गनवरचा आहे. कूल ना?" मग आईचं तोंड बघून ती गोंधळली. "व्हॉट? मी काय केला?"

"काही नाही केलंस, बाळा," ब्रिजेट म्हणाली. "काढ आणि मला दे."

कडं अजून मुलीच्या हाताने कोमट होतं. मुलगी तेरा-चौदाची, कडं तिच्या मनगटात बरोब्बर बसत होतं. जुवैना नवरी झाली तेव्हा तिचाही हात एवढाच असणार.

पीटर त्रैमासिकाकडे बघत होता. "मी टाकून नाही दिलं," तो म्हणाला. "पोरीला दिलं."

पुढच्या आठवड्यात ब्रिजेट पट्टी बदलायला गेली तेव्हा तिने आधी जखम धुतली, मलम लावलं, कापूस ठेवला, पट्टी गुंडाळली. हाताचं काम हातांनी पुरं केलं. मग पिशवीतून रुमाल काढून म्हातारीपुढे सोडला.

जुवैनाने कडं उचललं. अंगठा आतून फिरवला. ओळखीच्या दाराच्या कडीवर फिरवावा तसा.

"हे कसं आलं?"

"काढलं त्यांनी. ते म्हणाले... हे बंदुकीचं मूळचं नाही."

"खरंच आहे. माझं होतं." म्हातारी हसली. "तुझ्या नवऱ्याचा राग करू नकोस, सिस्तर. परका माणूस. त्याला आमची रीत माहीत नव्हती. मी खलफानलाही तेच सांगितलं. त्याच्या बायकोने तोंड वाकडं केलं, तिलाही तेच सांगितलं. माणसाला माहीत नसेल तर त्याचा काय दोष?"

ब्रिजेट गुडघ्यांवर बसलेली होती. बाहेर कुणीतरी शेळ्यांना हाकत होतं. इथे गप्प बसलं की सगळं जिथल्या तिथे राहत होतं. खजूर, कहवा, दर आठवड्याची ही जागा, सिस्तर म्हणणारा हा आवाज. घरी नवरा होता पण ज्याच्याशी बोलावं असं कुणी नव्हतं. या परक्या मुलुखात तिचं असं हे एक दार होतं. एक शब्द बोललं की ते गेलं.

"त्यांना माहीत होती, उम्म खलफान," ती म्हणाली. "रीत माहीत होती. मीच सांगितली होती. त्या कहवादाणीच्या वेळी. घरी जाऊन हसत हसत सांगितली."

जुवैनाने कडं रुमालात ठेवलं. रुमालाची घडी घातली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

ब्रिजेटने मान वर केली.

"पाठ केलेलं होतं ते. मला ऐकू येत होतं ना झरोक्यातून. मनातून येतं तेव्हा माणूस अडखळतो. तू कहवादाणीला सुंदर म्हणालीस तेव्हा अडखळली होतीस, अर्धा शब्द चुकला होता. म्हणून मी द्यायला निघाले." तिने पाय जरा सरकवला, पट्टी सांभाळून. "आणि मग तुझा पेला बघितला. तो हवेतच थांबला होता. तेव्हा मला सगळंच कळलं."

"मग तुम्ही सगळ्यांना असं का सांगितलंत?"

"नाहीतर तू या घरात कशी आली असतीस?"

ब्रिजेटच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. पुलावर नाही, चादरीचा फोटो बघून नाही. म्हातारीने तिला रडू दिलं. मग कहवादाणी ओढून घेतली, चोच पोपटासारखी, आणि पेला भरला.

नासेरच्या लग्नाला पीटर आला नाही. खलफानने त्याला स्वतः फोन करून बोलावलं होतं, आग्रहाने. पीटर म्हणाला, अर्बाबकडे काम आहे. ब्रिजेट जॅस्मिनला घेऊन जयवंतींच्या गाडीतून गेली.

ऊन कलतं होतं. वादीच्या गोट्यांवर पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या होत्या. ढोल वाजत होते, कुणी म्हातारा खणखणीत आवाजात कवन म्हणत होता आणि रांगा पुढे-मागे डुलत होत्या, शिवारात कणसं डुलावी तशा. नवरी आणायला निघायचं होतं. निघण्याआधी एकेकाने आपली बंदूक आभाळाकडे करून बार काढायचा. आधी वडीलधारे, शेवटी नवरा. बायका भिंतीच्या सावलीत. जुवैनाला खुर्ची दिली होती, पण ती खुर्ची सोडून ब्रिजेटच्या खांद्याला धरून उभी राहिली.

खलफानने भावाची बंदूक मागून घेतली होती. बार झाला. धूर. बायांचा हुलूलू आवाज. दुसरा बार. तिसरा. डोंगरातून प्रत्येकाचा जबाब येत होता.

"नासेरलाही कुणीतरी देत होतं एक," जुवैना हळूच म्हणाली. "नको म्हणाला. दुसऱ्याच्या घरची खांद्यावर घेऊन मी जाणार नाही म्हणाला."

मग नासेरची पाळी आली. पांढऱ्या दिशदाशात तो पुढे झाला. त्याच्या हातात साधी काठी होती, उंट हाकायची. काठीच्या मध्यावर, जिथे मूठ येते तिथे, चांदीचं कडं घट्ट बसवलेलं होतं.

त्याने काठी खांद्याला लावली. आभाळाकडे केली.

ढोल थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, पण थांबले. रांगा जागच्या जागी उभ्या राहिल्या. एक बार होऊन त्याचा आवाज डोंगरावर जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही.

"ममा," जॅस्मिन कुजबुजली, "त्याचं काहीच नाही वाजला."

ब्रिजेटने तिचा हात दाबला. खांद्यावर म्हातारीची बोटं रुतली होती. मग डोंगराकडून तो न झालेला बार परत आल्यासारखी खलफानने मान हलवली, नासेरने काठी खाली घेतली, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.